बॅटरी बदलण्याआधी रेंज तपासा

“फोन घेऊन वर्षही झाले नाही, आणि संध्याकाळपर्यंत चार्जिंग टिकत नाही.” “५जी सुरू केल्यापासून बॅटरी भराभर उतरते.” “ऑफिसात दुपारीच संपते, सुट्टीच्या दिवशी घरी मात्र रात्रीपर्यंत पुरते, असे कसे?” वाचकांच्या प्रश्नांत हे तीन पुन्हा पुन्हा येतात आणि तिन्हींचा शेवट एकाच विचारणेने होतो: बॅटरी बदलू, की फोनच बदलू?

बहुतेकांना आमचे उत्तर असते, तूर्त दोन्ही नको. तिसऱ्या प्रश्नातच खरी खूण आहे. फोन तोच, बॅटरी तीच आणि जागा बदलली की टिकणे बदलते, तर संशय आधी बॅटरीवर नव्हे, रेंजवर घ्यायला हवा. फोनमध्ये वीज खाणारे दोन मोठे भाग म्हणजे स्क्रीन आणि रेडिओ. स्क्रीनचा खर्च डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण ब्राइटनेस कमी करत बसतो. टॉवरशी बोलणारा रेडिओ मात्र फोन खिशात गप्प पडलेला असतानाही काम करत असतो. त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

पुढच्या निर्णयांपुरते तीन मुद्दे

पहिला: फोन किती जोराने प्रक्षेपण करायचे हे टॉवरच्या सूचनेप्रमाणे ठरवतो. ४जी फोनची कमाल मर्यादा साधारण २०० मिलिवॉट असते. टॉवर जवळ आणि मध्ये अडथळा नसेल, तर फोन त्याच्या हजाराव्या हिश्शातही काम भागवतो. तळघरात, लिफ्टजवळ किंवा जाड दगडी भिंतींच्या वाड्यात तोच फोन पूर्ण ताकद लावतो. गोंगाटात ओरडून बोलणाऱ्याचा घसा बसतो, तसेच हे.

दुसरा: एखादा छोटा संदेश गेला तरी रेडिओ लगेच झोपत नाही. अजून काही येईल म्हणून तो काही सेकंद जागा राहतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ४जीवर मोजमाप केले तेव्हा हा काळ सुमारे साडेअकरा सेकंद भरला होता. म्हणून मिनिटामिनिटाला टपकणारे चिल्लर संदेश हे एका दमात उतरवलेल्या मोठ्या फाइलपेक्षा महाग पडू शकतात.

तिसरा: रेंज अजिबात नसेल तर फोन स्वस्थ बसत नाही, एकामागून एक बँड चाळून टॉवर शोधत राहतो. ‘नो सर्व्हिस’ लिहिलेला फोन विश्रांती घेतोय, असे समजू नका.

आधी निदान: तीन रात्रींची चाचणी

कोणतेही ॲप डाउनलोड न करता हे घरी करता येते. तिन्ही रात्री फोन एकाच जागी ठेवा, झोपताना आणि उठताना टक्केवारी कागदावर लिहा आणि झोपेचे तास साधारण सारखे धरा.

१. पहिली रात्र: नेहमीसारखा फोन. मोबाइल डेटा चालू, वायफाय बंद.
२. दुसरी रात्र: विमान मोड. वायफाय आणि ब्लूटूथही बंद. (गजर विमान मोडमध्येही वाजतो.)
३. तिसरी रात्र: मोबाइल नेटवर्क चालू, पण डेटा वायफायवर.

घरात आजारी माणूस असेल किंवा रात्री फोन येण्याची शक्यता असेल, तर ही चाचणी रात्री करू नका. सुट्टीच्या दिवशी दुपारचे चार तास पुरेसे आहेत.

निकाल असा वाचा. विमान मोडमध्ये रात्रभरात एक ते तीन टक्के आणि नेहमीच्या रात्री दहा-पंधरा टक्के उतरत असतील, तर बॅटरी धडधाकट आहे, खाणारे नेटवर्क आहे. तिसऱ्या रात्री फरक पडला तर वायफायने तुमचे काम होईल. तिसऱ्या रात्रीही तेवढीच उतरली, तर डेटा नव्हे, घरातली मोबाइलची रेंजच दोषी असण्याचा संभव जास्त. आणि विमान मोडमध्येही दहा टक्क्यांच्या पुढे उतरत असेल, तर एखादे ॲप फोनला जागे ठेवत आहे किंवा बॅटरी थकली आहे. अशांनी थेट ‘बॅटरीच थकली असेल तर’ हा भाग वाचावा.

आयफोनवर आणखी एक सोय आहे. सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर ॲपच्या नावांबरोबर कधी कधी ‘नो कव्हरेज’ किंवा कमी सिग्नलची नोंद दिसते. ती वरच्या क्रमांकावर असेल तर निदान झालेच. काही अँड्रॉइड फोनमध्ये याच जागी ‘मोबाइल नेटवर्क स्टँडबाय’ असे लिहिलेले असते.

दांड्या नको, आकडा बघा

रेंजच्या दांड्या किती दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. एका फोनवर चार आणि शेजारच्यावर दोन, यावरून काही सिद्ध होत नाही. आकडा बघा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’, तिथे ‘सिग्नल स्ट्रेंथ’. नाही सापडले तर डायलरवर \*#\*#४६३६#\*#\* दाबून बघा. बऱ्याच फोनवर हे चालते. आयफोनवर \*३००१#१२३४५#\* डायल केल्यावर नेटवर्कची माहिती उघडते. आकडा डीबीएममध्ये आणि नेहमी उणे असतो. तो शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. ४जी आणि ५जीसाठी ढोबळ अंदाज असा:

- उणे ८५ किंवा त्याहून चांगला: उत्तम. बॅटरीची तक्रार असेल तर कारण दुसरीकडे शोधा.
- उणे ९५ च्या आसपास: चालण्यासारखी.
- उणे १०५ च्या पुढे: कमकुवत. इथे फोनची दमछाक सुरू होते.
- उणे ११५ च्या पुढे: कॉल तुटणार, बॅटरी पळणार.

या मोजपट्टीत दहाचा फरक म्हणजे सिग्नलमध्ये दहा पटींचा फरक. त्यामुळे उणे ९५ वरून उणे ११५ ला जाणे हे दिसते त्यापेक्षा फार मोठे आहे. घरात फिरून चार-पाच जागी आकडा घ्या: खाटेजवळ, स्वयंपाकघरात, खिडकीत, कामाच्या टेबलावर. लोखंडी कपाटावर ठेवलेला फोन दोन हात सरकवून खिडकीत ठेवल्यावर आकडा दहा-बाराने सुधारतो, असे पुष्कळदा आढळते. यासाठी एक पैसाही लागत नाही.

घरी रेंज कमी, वायफाय मात्र आहे

हे सर्वात सुटण्यासारखे प्रकरण आहे, आणि तरीही बहुतेकांनी त्यासाठीची सेटिंग उघडलेली नसते. फोनच्या सिम किंवा कॉलच्या सेटिंग्जमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. एअरटेलने ही सेवा डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आणली. कॉल तुमच्या नेहमीच्याच नंबरवरून, नेहमीच्याच डायलरने होतो आणि समोरच्याला वेगळे काही करावे लागत नाही. घरातला राउटर काही हातांवर असतो, टॉवर कित्येकशे मीटरवर. फोनला कोणाशी बोलणे सोपे, हे सांगायला नको.

रेंज फारच वाईट असेल तर पुढची पायरी: विमान मोड चालू करून त्यावर फक्त वायफाय चालू करा. टॉवरचा शोध पूर्ण थांबतो आणि वायफाय कॉलिंग चालू असल्यास येणारे-जाणारे कॉल सुरू राहतात. मात्र दोन गोष्टी आधी तपासा. बँकेचा ओटीपी अशा स्थितीत येतो का, हे एकदा पाहून घ्या. प्रत्येक फोनवर आणि प्रत्येक कंपनीच्या सिमवर तो येईलच असे नाही. दुसरे, वीज गेली की राउटर बंद आणि तुम्ही संपर्काबाहेर. ज्या गावात वीज लपंडाव खेळते, तिथे राउटरला छोटा यूपीएस हवाच.

वायफायही लांबच्या खोलीत अशक्त होते. टीव्हीच्या कपाटात, मत्स्यपेटीमागे दडवलेला राउटर बाहेर काढा, घराच्या मध्याकडे आणि उंचावर ठेवा.

५जी ठेवू की बंद करू?

सरसकट उत्तर नाही. ५जी दोन प्रकारे उभारले जाते. एकात फोन ४जी आणि ५जी या दोन्हींशी एकाच वेळी जोडलेला असतो, म्हणजे दोन रेडिओ जागे. दुसऱ्यात ५जी स्वतंत्रपणे चालते. २०२२ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा एअरटेलने पहिल्या मार्गाने सुरुवात केली, जिओने दुसऱ्या. पहिल्या प्रकारच्या जोडणीत बॅटरीचा ताण जास्त जाणवतो. शिवाय ५जीचा मुख्य भार ज्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे, त्या लहरी भिंतींतून आत शिरायला नाखूष असतात. गच्चीवर सुसाट आणि आतल्या खोलीत रडत, ही तक्रार त्यातूनच येते.

सर्वात वाईट जागा म्हणजे ५जीच्या काठावरची. फोन सतत ५जी धरतो, सोडतो, ४जीवर येतो, पुन्हा ५जीवर उडी मारतो. तुमच्या टेबलावर दर काही मिनिटांनी चिन्ह बदलताना दिसत असेल, तर ‘प्रेफर्ड नेटवर्क टाइप’मध्ये ४जी निवडा आणि आठवडाभर फरक बघा. आयफोनवर ‘५जी ऑटो’ हा पर्याय गरज नसताना ४जीवर येतो. ‘५जी ऑन’ ठेवण्याचे कारण फारच थोड्यांकडे असते.

एक फसवी बाजू आहे. ज्या पॅकमध्ये ५जी अमर्याद मिळते, तिथे ४जीवर आल्यावर रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा खर्च होऊ लागतो. मुले संध्याकाळी व्हिडिओ बघत असतील तर तो रात्री नऊलाच संपेल. म्हणून बाहेर असताना ४जी आणि घरी वायफाय अशी वाटणी बहुतेकांना मानवते.

४जीवर आलात तर ‘व्होल्टी’ कॉलिंग चालू असल्याची खात्री करा. ते बंद असेल तर ज्या कंपन्यांकडे अजून २जी आहे, त्यांच्या सिमवर प्रत्येक कॉलसाठी फोन २जीवर उतरतो. २जीची प्रक्षेपणशक्ती क्षणिक कमाल दोन वॉटपर्यंत जाऊ शकते, ४जीच्या दसपट.

दुसरे सिम: गुपचूप वीज खाणारे

दोन सिमच्या फोनात दुसऱ्या नंबरला किती लोक विसरलेले असतात! जुना नंबर बँकेत दिलेला आहे म्हणून ते सिम ठेवले जाते आणि ज्या कंपनीचा टॉवर तुमच्या गल्लीत नाही, तिचे सिम दिवसभर टॉवर शोधत बसते. सेटिंग्जमध्ये ते सिम ‘डिसेबल’ करा. काढून ठेवायची गरज नाही. ओटीपीची वेळ आली की मिनिटभर चालू करा. पण बँक, आधार किंवा निवृत्तिवेतन त्याच नंबरवर असेल आणि व्यवहाराचे इशारे तिथे येत असतील, तर हा उपाय करू नका. आधी बँकेत नंबर बदलून घ्या. फसवणुकीचा इशारा तीन दिवसांनी वाचण्यापेक्षा थोडी बॅटरी गेलेली परवडली.

प्रवासात

कोकण रेल्वेवर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा कारबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. ताम्हिणी किंवा वरंध घाटातही टॉवर येतो-जातो. अशा पट्ट्यात फोन विमान मोडमध्ये टाकणे हाच खरा उपाय. गाणी, चित्रपट, तिकीट, हॉटेलचा पत्ता निघण्याआधी वायफायवर उतरवून घ्या. नकाशाचा तो भाग ऑफलाइन साठवा. जीपीएस उपग्रहाचे फक्त ऐकते, प्रक्षेपण करत नाही. त्यामुळे विमान मोडमध्येही तुमचे ठिकाण नकाशावर दिसत राहते.

लॅपटॉपला नेट द्यायचे असेल तर हॉटस्पॉटऐवजी केबल लावून ‘यूएसबी टेदरिंग’ करा. फोनला दोन रेडिओ चालवावे लागत नाहीत आणि लॅपटॉपकडून चार्जिंगही मिळते. रोज घरून काम करणाऱ्यांनी हॉटस्पॉटवर दिवस काढू नये. त्याने फोन तापतो, आणि उष्णता बॅटरीची कायमची क्षमता खाते. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश तापमान सुचवते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, दुचाकीच्या हँडलवर उन्हात नकाशा आणि ५जी दोन्ही चालू ठेवून फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांच्या फोनचे काय होत असेल, याचा विचार करा. त्यांना आमचा सल्ला: रस्ता एकदा बघून घ्या, फोन खिशात ठेवा, आवाजी सूचना कानात ऐका.

पॉवर बँक घेताना डब्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. १०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा असतो. ५ व्होल्टवर बाहेर मिळते ते साधारण सहा-साडेसहा हजार; बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून ते छापलेले असते. विमानप्रवासात पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि १०० वॉट-तासांची मर्यादा आहे. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ७४ वॉट-तास, ती चालते.

बूस्टरच्या नादी लागू नका

“दोन हजारात घरभर फुल रेंज” अशी जाहिरात पाहून छतावर अँटेना लावणारे अनेक आहेत. परवानाधारक दूरसंचार कंपनीखेरीज कोणीही असे सिग्नल बूस्टर विकणे किंवा बसवणे भारतात बेकायदा आहे. शेजाऱ्यांचे कॉल तुटायला लागले की कंपनीचे लोक शोधत येतात, यंत्र जप्त होते आणि कारवाई तुमच्यावरही होऊ शकते. सोसायटीत खरोखर रेंज नसेल तर इमारतीच्या आत यंत्रणा बसवण्याची लेखी मागणी कंपनीकडे सोसायटीच्या लेटरहेडवर करा. अनेक सभासदांची एकत्र मागणी कंपनीला टाळणे अवघड जाते.

याच्याच उलट बाजूला, सोसायटीच्या सभेत टॉवरला विरोध आणि त्याच सभेत रेंज नसल्याची तक्रार, दोन्ही एकाच तोंडून ऐकू येतात. टॉवर लांब गेला की तुमच्या कानाला लावलेला फोन जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो, हे तिथे कोणी सांगत नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एकदशांश आहे. शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते.

ॲप्सची आवराआवर, पण बेताने

- ईमेल दर पंधरा मिनिटांनी तपासण्याऐवजी ‘पुश’ किंवा तासाने ठेवा.
- खरेदीच्या, खेळांच्या, बातम्यांच्या ॲपच्या सूचना बंद करा. प्रत्येक सूचना रेडिओला जागे करते.
- फोटोंचा बॅकअप ‘फक्त वायफायवर’.
- ओलेड स्क्रीन असेल तरच डार्क मोडचा उपयोग, तोही ब्राइटनेस जास्त असताना. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर बचत फक्त ३ ते ९ टक्के आढळली. पूर्ण ब्राइटनेसवर मात्र ३९ ते ४७.
- ‘बॅटरी सेव्हर’, ‘क्लीनर’ नावाची ॲप्स काढून टाका. स्वतःच पार्श्वभूमीवर धावून ती वीज खातात आणि जाहिराती दाखवतात.

उघडी ॲप्स बोटाने सारखी वर ढकलून बंद करण्याची सवयही सोडा. तेच ॲप पुन्हा शून्यातून उघडायला जास्त खर्च येतो. २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये ‘डोझ’ ही सोय आहे. न हलणारा फोन ती स्वतःच झोपवते.

आणि बचतीचा अतिरेक नको. अनेक कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतली ॲप्स निर्दयपणे मारतात. मग व्हॉट्सॲपचे संदेश फोन उघडल्यावरच धडाधड येतात, औषधाची आठवण वाजत नाही, साखर मोजणाऱ्या सेन्सरचा इशारा चुकतो. औषध, आरोग्य, हजेरी आणि सुरक्षेची ॲप्स बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ ठेवा. ज्येष्ठांच्या फोनवर हे घरातल्या तरुणाने बसून करून द्यावे.

बिलाची चिंता असेल तर

काही वाचक विजेचे बिल वाचावे म्हणून फोन जपून चार्ज करतात. ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. चार्जरमधली गळती धरून २५. रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला नऊ-एक युनिट होतात. दहा रुपये युनिट धरा, नव्वद रुपये. दिवसरात्र चालणारा दहा वॉटचा राउटर मात्र वर्षाला ८७-८८ युनिट खातो. वाचवायचेच असेल तर रात्री राउटर बंद करा, अर्थात त्यावर कॅमेरे, वायफाय कॉलिंग किंवा लँडलाइन नसेल तर.

बॅटरीच थकली असेल तर

खुणा स्पष्ट असतात: २०-३० टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद होणे, टक्केवारी एकदम घसरणे, फोनची मागची बाजू फुगणे. आयफोनवर ‘बॅटरी हेल्थ’ ८० टक्क्यांखाली गेली की बदलण्याची वेळ झाली. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्ज-चक्रांनंतर आणि १५ पासूनच्या १,००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतात. सॅमसंगवर ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमधल्या तपासणीत बॅटरीची स्थिती दिसते. आयुष्य वाढवायचे तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारी सोय फोनमध्ये असल्यास चालू करा. बाकी टक्केवारीचे सोवळे पाळत बसायचे कारण नाही.

फुगलेली बॅटरी ही घाईची गोष्ट आहे. चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. फोन बंद करून सेवाकेंद्रात न्या.

बॅटरी बदलताना:

- आधी अधिकृत सेवाकेंद्राचा दर विचारा. स्थानिक दुकानातला दर आणि तो यात अनेकदा वाटतो तेवढा फरक नसतो.
- सुट्या बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’नंतर आठ आकडी नोंदणी क्रमांक बघा. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो क्रमांक टाकला की कंपनीचे नाव येते. नाव जुळले नाही तर बॅटरी परत करा.
- बिलावर फोनचा आयएमईआय क्रमांक आणि बॅटरीची वॉरंटी लिहून घ्या. ‘तोंडी तीन महिने’ याला अर्थ नाही.
- बॅकअप घ्या, पण पिन देऊ नका. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे. त्यात तुमचे फोटो-संदेश झाकलेले राहतात.
- फोन उघडल्यावर पाण्यापासूनचे संरक्षण पूर्वीसारखे राहील का, हे आधी विचारा.
- जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. सेवाकेंद्रात जमा करा.

तुमचे हक्क: फोन कंपनीकडे

वॉरंटी कार्डात बॅटरीची ओळ शोधा. फोनला एक वर्ष आणि सोबतच्या ॲक्सेसरीजना सहा महिने अशी विभागणी अनेकदा असते, आणि बॅटरी नेमकी कुठल्या रकान्यात आहे यावर सगळे अवलंबून असते. कालांतराने क्षमता घटणे वॉरंटीत बसत नाही. फुगणे, अचानक बंद होणे, विलक्षण लवकर घसरणे हा दोष आहे आणि तो तसाच मांडा. ‘बॅटरी टिकत नाही’ एवढेच जॉबशीटवर लिहू देऊ नका. तीन रात्रींचे आकडे लिहायला लावा. जॉबशीट देणार नाही म्हणणाऱ्या केंद्रातून त्याच जागेवरून कंपनीला ईमेल करा. नकार असेल तर तो लेखी मागा.

ऑनलाइन घेतला असेल तर संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यावे, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. केंद्र सरकारच्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर कंपन्यांची दुरुस्तीची, सुट्या भागांची माहिती एकत्र मिळते. जर्मनी, नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या वाचकांची बाजू आणखी भक्कम आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला आणल्या जाणाऱ्या नव्या फोनच्या बॅटरीने ८०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखणे बंधनकारक आहे आणि फोनवर ऊर्जेचे लेबल असते.

तुमचे हक्क: नेटवर्क कंपनीकडे

कंपनी बदलण्याआधी दोन कामे करा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या सेवागुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात. तिथे आपली गल्ली बघा. मग दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या शेजाऱ्याला घरी बोलावून खाटेजवळ त्याच्या फोनवर आकडा घ्या. तुमच्यापेक्षा दहाने तरी चांगला असेल तर पोर्ट करण्यात अर्थ आहे. मुंबई हे वेगळे सेवाक्षेत्र आहे आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा वेगळे. ठाण्यातल्या भाच्याचा अनुभव सांगलीत कामाचा नाही. पोर्टसाठी १९०० वर संदेश पाठवून कोड मिळवा. नुकतेच सिम बदलले असेल तर सात दिवस आणि आधीच्या पोर्टनंतर ९० दिवस थांबावे लागते.

तक्रार १९८ वर नोंदवा आणि डॉकेट क्रमांक लिहून ठेवा; त्याशिवाय पुढे काही होत नाही. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, ती कंपनीकडे पाठवते. तिथे महिने घालवू नका. ‘दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत’ असे ग्राहक सेवेतून ऐकवले गेले, तर ते जुने झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात ग्राहक आयोगांचा अधिकार स्पष्टपणे मान्य केला आहे.

ग्राहक आयोगापर्यंत गेलात तर

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रयत्न करा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. नाही मिटले तर जिल्हा आयोगात, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. सोबत जोडा: बिल, वॉरंटी कार्ड, सगळ्या जॉबशीट, ईमेल, डॉकेट क्रमांक आणि तारखा टाकलेली बॅटरीच्या टक्केवारीची नोंद. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सेवाकेंद्र ‘पुढच्या अपडेटमध्ये ठीक होईल’ म्हणत राहिले तरी ती आपोआप वाढत नाही.